'थर्टीन्थ' : दूरचा तुरुंग आणि घरची कडी

अमेरिकेंतील तुरुंग आणि वर्णद्वेष यांविषयीं एव्हा डूव्हर्ने यांनीं २०१६ सालीं काढलेला 'थर्टीन्थ' हा माहितीपट आम्हीं नुकताच देवरुखास विद्यार्थ्यांसमवेत पाहिला. खेळानंतर चर्चा झाली. चित्राच्या गुणदोषांबरोबर त्या चर्चेविषयींही चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

चित्राचा सारा आधार एका वाक्यावर आहे. १८६५ सालच्या तेराव्या घटनादुरुस्तीनें अमेरिकेंतील गुलामगिरी नष्ट केली. मात्र गुन्ह्याची शिक्षा म्हणून ती राहूं दिली. या अपवादाच्या फटींतून जुनें दास्य नव्या नांवानें कसें परत आलें, हें डूव्हर्नेबाई दाखवितात. भटकेपणाच्या आरोपावरून कृष्णवर्णीयांस पकडावें व त्यांच्याकडून मजुरी करवून घ्यावी, येथून आरंभ होतो. आणि १९७० सालीं सुमारें साडेतीन लक्ष असलेली कैद्यांची संख्या २०१४ पर्यंत २३ लक्षांवर जाते. मांडणी वकिली थाटाची, परंतु भक्कम आहे. दोष हा, कीं वक्ते पुष्कळ आणि कैदी थोडे. आकड्यांमागून आकडे येतात, व मागचा मुद्दा मनांत मुरण्यापूर्वींच पुढचा सुरू होतो. सोळाव्या वर्षीं पकडलेला आणि खटला न चालतांच तीन वर्षें कोंडलेला कलीफ ब्राउडर समोर येतो, तेव्हां मात्र चित्राची घाई थांबते. तोच त्याचा सर्वोत्तम भाग होय.

चर्चेंत अमेरिकेचा निषेध एकमतानें झाला. दूरच्या पापाचा निषेध करण्यास कांहींच वेंचावें लागत नाहीं. एका विद्यार्थिनीनें मात्र विचारलें, "सर, असें वाक्य आपल्या कायद्यांत कधीं नव्हतें का?"

होतें. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. सोलापुरास पारधी, कैकाडी इत्यादि लोकांस तारेच्या कुंपणांत ठेवून त्यांची हजेरी घेतली जात असे. हा कायदा १९५२ सालीं देशभर रद्द झाला. परंतु त्याच्या जागीं राज्याराज्यांतून सराईत गुन्हेगारांविषयींचे कायदे आले, आणि जुना संशय त्यांच्या आडोशास टिकून राहिला. २००३ मधील एका गुन्ह्यासाठीं महाराष्ट्रांतील भटक्या जमातींच्या सहा जणांस सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं फांशी सुनावली. २०१९ सालीं त्याच न्यायालयानें त्यांस निर्दोष सोडलें. मध्यें सोळा वर्षें गेलीं होतीं. तुरुंगाच्या नोंदवहींतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश होण्यास तर २०२४ साल उजाडावें लागलें.

हें सर्व आम्हीं त्या मुलीस सांगितलें. एक गोष्ट मात्र सांगण्याचें धैर्य झालें नाहीं : गांवाबाहेर भटक्यांचीं पालें पडलीं, कीं आमच्याही दाराला त्या रात्रीं दुसरी कडी लागते. कोणाची चोरी झालेली नसते, कोणावर आरोप नसतो. तरी कडी लागते. वाचकांनीं हें चित्र अवश्य पाहावें, आणि घरीं परत आल्यावर आपलें दार कसें लावतों, तेंही पाहावें.