पिवळ्या मोटारीची साक्ष

पडद्यावर जुनी, उंची, उघड्या टपाची मोटार दिसली की तिचे घराणे व साल ओळखू पाहणारा एक रसिकवर्ग आहे. हा छंद पोरकट मानून आपण समीक्षक मंडळी पुढे जातो. 'द ग्रेट गॅट्सबी'च्या बाबतीत मात्र तसे करता येत नाही. त्या कथेचा शेवटच मुळी मोटार ओळखण्यावर बेतलेला आहे.

फिट्झजेराल्डची कादंबरी १९२५ची, कथा १९२२च्या उन्हाळ्यातली. जॅक क्लेटन यांच्या १९७४च्या चित्रपटात रॉबर्ट रेडफोर्डच्या दिमतीला पिवळी रोल्स-रॉइस फँटम वन आहे. देवळाच्या दर्शनी भागासारखा रेडिएटर आणि त्यावरची ती झेपावणारी मूर्ती पाहताच घराणे कळते. (दारांना वर सरकणाऱ्या काचा नसलेली अशी मोटार काटेकोर अर्थाने 'कन्व्हर्टिबल' नव्हे, 'फेटन'.) पण फँटम बाजारात आली १९२५ साली, आणि ही तर १९२८ची! बाझ लुहरमन यांनी २०१३मध्ये ड्यूसेनबर्गची नक्कल वापरली. मूळ 'जे' मॉडेल १९२८च्या डिसेंबरातले. म्हणजे त्या उन्हाळ्यात दोघींचाही जन्म झालेला नव्हता.

सालाची चूक मी माफ करीन, घराण्याची नाही. स्वतःला ऑक्सफर्डचा म्हणवणाऱ्या, इंग्लंडहून सदरे मागवणाऱ्या गॅट्सबीला कादंबरीकाराने रोल्स-रॉइस दिली, ती विचारपूर्वक. अस्सल अमेरिकन ड्यूसेनबर्गमध्ये तो बसला की त्याचे सोंगच गळून पडते. उलट क्लेटन यांची मोटार नावाने इंग्रजी असली, तरी घडलेली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात. दिग्दर्शकाला हे ठाऊक असो वा नसो, धन्याला शोभेल अशीच ती आहे.

दोन्ही चित्रपट उणे पडतात ते मात्र अपघातापाशी. कादंबरीत मायकेलिस हा साक्षीदार पहिल्या पोलिसाला मोटारीचा रंग फिकट हिरवा सांगतो. मर्टल तिच्यापुढे धावते ती आत टॉम आहे या समजुतीने. आणि विल्सन मोटारीवरून मालकापर्यंत पोहोचतो, चालवणाऱ्या डेझीपर्यंत नव्हे. पडद्यावरचा झगझगीत पिवळा रंग आपल्याला आधीच पाठ झालेला असतो. मायकेलिसची चूक आपल्या हातून होण्याची शक्यताच उरत नाही.