झील कोणाची?

पोवाड्यात मुख्य शाहिराच्या मागे उभे राहून जे त्याची ओळ उचलतात आणि ‘जी जी रं जी’ म्हणत ती पुढे नेतात, त्यांना मराठीत झीलकरी म्हणतात. बंगालीत त्यांना दोहार म्हणतात, कव्वालीत हमनवा. आपल्या बहुतेक भाषांमध्ये या माणसासाठी शब्द आहे. आपल्या समीक्षेत मात्र त्याला जागा नाही. शाहिराचे नाव राहते, झीलकऱ्यांची नावे फडाबरोबर विरून जातात.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ब्लूज, डू-वॉप आणि सोल संगीत मी गेली अनेक वर्षे ऐकतो आहे आणि ज्याला त्याला ऐकवतोही आहे. ऐकणारा पहिला प्रश्न बहुधा एकच विचारतो : हे गाते कोण? प्रश्न साहजिक आहे. तरी या संगीतापुरता तो अर्धाच आहे, असे मला वाटू लागले आहे. ‘याला उत्तर कोण देते?’ असे विचारले तर हीच गाणी वेगळी ऐकू येतात.

ब्लूजपासून सुरुवात करू, कारण तिथे हा प्रश्न सर्वांत गैरलागू वाटतो. ब्लूजचे आपल्या मनातले चित्र म्हणजे एक माणूस, एक गिटार आणि रिकामा रस्ता. रॉबर्ट जॉन्सन हा त्या चित्राचा नायक. 1936 मध्ये सॅन अँटोनिओत आणि 1937 मध्ये डॅलसमध्ये त्याने 29 गाणी ध्वनिमुद्रित केली आणि 1938 मध्ये, 27व्या वर्षी, तो वारला. चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून त्याने ही कला मिळवली, ही दंतकथा त्याच्या गाण्यांपेक्षा जास्त लोकांना ठाऊक आहे. मला ती अन्यायकारक वाटते. जॉन्सनने कोकोमो अर्नोल्ड, लिरॉय कार, स्किप जेम्स यांच्या रेकॉर्डी कान देऊन ऐकल्या होत्या. त्यांच्या चाली घेतल्या, मोडल्या, पुन्हा जुळवल्या. सैतान मध्ये आणला की हा सगळा अभ्यास पुसला जातो आणि ज्यांच्याकडून तो शिकला ती माणसेही पुसली जातात.

शिवाय ब्लूजची रचनाच एकट्यासाठी केलेली नाही. नेहमीचे कडवे बारा मात्राखंडांचे. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा. प्रत्येक ओळीला चार खंड मिळतात आणि आवाज साधारण त्यातले पहिले दोनच वापरतो. उरलेली जागा उत्तरासाठी मोकळी सोडलेली असते. मळ्यात काम करताना ते उत्तर शेजारचा मजूर देत असे, चर्चमध्ये मंडळी देत. एकटा गाणारा ते गिटारकडून घेतो. बी. बी. किंग गाताना गिटार वाजवत नसे आणि गिटार वाजवताना गात नसे. आपल्या गिटारला त्याने ल्युसिल हे नाव दिले होते, ते मला लाडापुरते वाटत नाही. समोर बोलणारे कोणी असेल तर त्याला नाव लागतेच.

डू-वॉपमध्ये याच्या उलट घडते. तिथे वाद्याच्या जागी माणसे येतात. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यू यॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर अशा शहरांतील मुले कोपऱ्यावर, इमारतींच्या जिन्यांत, जिथे आवाज घुमेल तिथे चार-पाच जणांनी मिळून गात. वाद्ये विकत घ्यायला पैसे नव्हते. मग एकाने घशातून बास काढायचा, दोघा-तिघांनी निरर्थक अक्षरांची वीण घालायची, एकाने वर तरंगायचे. त्या अक्षरांवरूनच पुढे या प्रकाराला नाव मिळाले. ती अक्षरे भरीची आहेत असे समजणाऱ्याने फ्लेमिंगोज या गटाचे ‘आय ओन्ली हॅव आइज फॉर यू’ ऐकावे. गाणे मुळात 1934च्या एका चित्रपटातले, नीटनेटके, शहाण्या प्रेमाचे. 1959 मध्ये फ्लेमिंगोजनी शब्द ठेवले आणि मागे घुमत्या आवाजात अक्षरांची एक लाट सोडली. ती लाट इतकी ओढाळ आहे की पुढचा गायक जमिनीवर उभा आहे असे वाटतच नाही. ज्या प्रेमात आजूबाजूचे दिसेनासे होते, ते शब्दांनी नुसते सांगितले होते. झिलीने ते घडवून दाखवले.

सोल संगीताने चर्चमधली मंडळी स्टुडिओत आणली. याचे माझ्या माहितीतले सर्वांत स्वच्छ उदाहरण ‘रिस्पेक्ट’. हे गाणे ओटिस रेडिंगचे, 1965चे. दिवसभर राबून घरी आलेला पुरुष आपल्या बाईकडे मान मागतो आहे. त्याच्या ध्वनिमुद्रणात मुख्य उत्तर पितळी वाद्यांचे आहे. ते जोरकस आहे, पण ते त्याच्याच बाजूचे आहे, त्याचाच हट्ट ते मोठा करते. 1967च्या फेब्रुवारीत ॲरेथा फ्रँकलिनने तेच गाणे न्यू यॉर्कमध्ये गायले. मान मागणारी आता बाई आहे, एवढ्याने गाणे बदलले असे सहसा म्हटले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. मागे तिच्या बहिणी अर्मा आणि कॅरोलिन उभ्या आहेत. त्या तिची वाक्ये तोडतात, तिला पुढे रेटतात, मूळ गाण्यात नसलेले बोल मध्ये टाकतात. ॲरेथा त्या एका शब्दाची अक्षरे सुटी करून उच्चारते, जणू समोरच्याला तो शब्द लिहिता येत नाही. तेही ओटिसच्या गाण्यात नव्हते. एकटीने मागितला असता तर तो मान विनवणी ठरला असता. तिघींनी मागितल्यावर तो ठराव होतो. नागरी हक्कांच्या आणि स्त्रियांच्या चळवळींनी हे गाणे आपले मानले, त्याचे कारण मला या झिलीत दिसते.

म्हणून सॅम कुकचे ‘अ चेंज इज गॉना कम’ ऐकताना मला एक गोष्ट दर वेळी खटकते आणि खटकावी अशीच ती आहे. कुक चर्चच्या संगीतातून आलेला. ‘सोल स्टरर्स’ या गटात गाताना त्याच्या प्रत्येक हाकेला उत्तर होते. 1963च्या ऑक्टोबरमध्ये लुइझियानातील एका हॉटेलने त्याला आणि त्याच्या मंडळींना खोली नाकारली. त्याने आवाज चढवला म्हणून त्याला अटक झाली. त्यानंतर काही महिन्यांत, जानेवारी 1964 मध्ये, त्याने हे गाणे मुद्रित केले. मागे तंतुवाद्ये आहेत, हॉर्न आहे, मोठे नगारे आहेत. माणसाचा दुसरा आवाज एकही नाही. बदल येणार असे तो म्हणतो आणि ‘होय’ म्हणायला रेकॉर्डवर कोणी नाही. त्याच वर्षी 11 डिसेंबरला गोळी लागून तो मेला आणि त्यानंतर काही दिवसांनी हे गाणे स्वतंत्र रेकॉर्ड म्हणून बाहेर पडले. त्याला साथ मिळाली ती रस्त्यावर, मोर्चांत चालणाऱ्यांकडून. झीलकऱ्यांची रिकामी जागा एवढी मोठी ऐकू येते, असे दुसरे गाणे मला माहीत नाही.

हा केवळ रसास्वादाचा मुद्दा असता तर मी तो इतका ताणला नसता. झीलकरी कोण हे ठरवण्यावर पोट अवलंबून असते. 1956 मध्ये ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ गाजले तेव्हा त्याचा मुख्य गायक फ्रँकी लायमन 13 वर्षांचा होता. हर्मन सँटियागो आणि जिमी मर्चंट हे त्याच्या मागे गाणारे दोघे. गाण्याचे श्रेय पुढे लायमन आणि निर्माता जॉर्ज गोल्डनर यांच्या नावावर आले, नंतर गोल्डनरच्या जागी मॉरिस लेव्ही हा रेकॉर्ड कंपनीचा मालक आला. लायमन 1968 मध्ये, 25व्या वर्षी, अमली पदार्थांनी गेला. गाणे आम्हीच रचले, हे सँटियागो आणि मर्चंट यांचे म्हणणे 1992 मध्ये कोर्टात मान्य झाले. 1996 मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. गाणे कोणी रचले यावर तो फिरला नाही, दावा मुदतीत आणला नाही एवढ्यावर फिरला. मोटाऊनच्या साठच्या दशकातील बहुतेक गाण्यांमागे वाजवणाऱ्या फंक ब्रदर्स या ताफ्याचीही कथा याच जातीची. जेम्स जेमरसनच्या बास गिटारवर अर्धी दुनिया नाचली, पण या वादकांची नावे मोटाऊनच्या वेष्टणावर ठळकपणे आली ती 1971 मध्ये, मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर.

मराठी वाचकाला कृष्णवर्णीय अमेरिका परकी नाही. डॉ. आंबेडकरांनी 1946 मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते आणि 1972 मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावच तिकडून घेतले. पण आपली ही ओळख मुख्यतः छापील आहे. आपण त्यांची आत्मचरित्रे आणि कविता वाचल्या. ज्या कलेत त्यांचा समूह एकमेकांना उत्तर देतो ती ऐकली कमी. त्यामुळे आपल्या तुलनाही लेखकाशी लेखकाची, सहीशी सहीची होतात. आंबेडकरी जलशांत आघाडीच्या गायकामागे झील धरणारे कोण होते, हा प्रश्न त्या तुलनांत येत नाही. दोन दुःखे सारखी आहेत असे म्हणून टाकण्यापेक्षा दोन्हीकडची साथ कशी चालते हे शेजारी ठेवून पाहिले, तर हाती अधिक काही लागेल.

तोवर एक साधी गोष्ट करता येईल. ‘रिस्पेक्ट’ पुन्हा लावा आणि या वेळी ॲरेथाकडे मुद्दाम दुर्लक्ष करून फक्त अर्मा आणि कॅरोलिन यांना ऐका. गाणे अडीच मिनिटांचेही नाही. दोन-तीनदा ऐकल्यावर त्यांच्या जागा पाठ होतात, आणि मग आपणही नकळत त्या जागा भरू लागतो.