टप्प्याने मोजणी आणि संवादी फलक : एक चिकित्सा

पहिली-दुसरीच्या वर्गात संख्यांची ओळख स्थिरावू लागली की दोन-दोन, पाच-पाच, दहा-दहाच्या टप्प्याने मोजणी सुरू होते. बेरजेकडून गुणाकाराकडे नेणारा हा दुवा असल्याने गणिताच्या अध्यापनात त्याचे महत्त्व वादातीत आहे. आज हा घटक अनेक शाळांत स्पर्शाने चालणाऱ्या संवादी फलकावर शिकविला जातो. महाराष्ट्रात २०१५ नंतर जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत लोकसहभागातून प्रोजेक्टर व पडदे आले, पुढे काही ठिकाणी स्पर्शफलकही आले. साधन आले हे चांगलेच झाले. मात्र त्या साधनावर होणाऱ्या पाठाची चिकित्सा फारशी झालेली दिसत नाही. फलकावर टप्प्याने मोजणी चालू असताना मोजणी नेमकी कोण करते, हा प्रश्न म्हणूनच विचारणे आवश्यक ठरते.

अशा पाठाचे सर्वसाधारण स्वरूप ठरलेले असते. पडद्यावर एक ते शंभरचा तक्ता येतो, विद्यार्थी २ ला बोट लावतो, चौकोन रंगतो, मग ४, मग ६. दहा-बारा स्पर्शांत तक्त्यावर उभे रंगीत पट्टे उमटू लागतात आणि वर्ग खूश होतो. येथेच पहिली अडचण आहे. दहा स्तंभांच्या तक्त्यात दोनचा टप्पा पाच उभे स्तंभ व्यापतो, पाचचा दोन आणि दहाचा एक. पट्टा दिसू लागल्यावर मुलाला मोजण्याची गरजच उरत नाही. तो पट्ट्याच्या खालच्या चौकोनाला बोट लावतो आणि यंत्र त्याला शाबासकी देते. उत्तर बरोबर येते, परंतु ते आकृतीवरून आलेले असते. तीनचा टप्पा घेतला की पट्टे तिरके होतात आणि मुले अडखळतात. कदाचित म्हणूनच तयार पाठांत दोन, पाच आणि दहा यांचीच गर्दी असते.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. पाचच्या टप्प्याने चाळीसपर्यंत चौकोन रंगविणाऱ्या मुलाला ‘किती उड्या मारल्यास?’ असे विचारल्यास तो पुष्कळदा गोंधळतो. रंगलेल्या तक्त्यावर कोठे पोहोचलो ते दिसते, किती उड्यांनी पोहोचलो त्याची नोंद राहत नाही. घोकंपट्टीचे प्रतीक म्हणून पाढ्यांवर पुष्कळ टीका झाली आहे आणि ती अस्थानी नाही. तरी ‘बे त्रिक सहा’ या तीन शब्दांत टप्पा, उड्यांची संख्या आणि पोहोचण्याचे ठिकाण या तिन्ही गोष्टी आहेत. निमकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढेदेखील अर्धा, दीड आणि साडेतीन यांच्या टप्प्याने केलेली मोजणीच होती. ‘दोन, चार, सहा’ या मोजणीत मधली संख्या गळते. ती बोटांवर वा काड्यांच्या गठ्ठ्यांवर धरून ठेवली नाही तर गुणाकाराकडे जाणारी वाट तेथेच खुंटते.

चुकीची वासलात हा तिसरा मुद्दा. तीनच्या टप्प्याने जाणारा मुलगा १२ नंतर १४ ला बोट लावतो. ही चूक आंधळी नाही. त्याने १२ लाच ‘एक’ धरून १२, १३, १४ असे मोजलेले असते. शिक्षकाने ‘कसे मोजलेस?’ एवढे विचारले तरी ते कळते. फलक मात्र चुकीचा आवाज काढतो आणि चौकोन पूर्ववत होतो. मुलगा शेजारच्या चौकोनाला बोट लावतो, तो रंगतो, पाठ पुढे सरकतो. खडूफळ्यावर चूक निदान पुसेपर्यंत सर्वांसमोर राहत असे.

वेळेचा हिशेबही करून पाहावा. तीस मुले आणि पस्तीस मिनिटांची तासिका असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला फलकासमोर जेमतेम एक मिनिट येते. उरलेला वेळ तो प्रेक्षक असतो. लंडनमधील माध्यमिक शाळांना पुरविलेल्या संवादी फलकांचे मूल्यमापन २००७ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षात विद्यार्थ्यांच्या गुणांत लक्षणीय फरक आढळला नाही, तसेच एकेकाने फलकाजवळ येण्यामुळे मागे असलेल्या गटांत पाठाची गती मंदावू शकते, असे त्यात नोंदविले होते. तो अभ्यास मोठ्या मुलांचा होता, त्यामुळे तो जसाच्या तसा पहिलीला लावता येणार नाही. सहा वर्षांच्या मुलांत रांगेत ताटकळण्याचा त्रास कमी असेल, असे मानण्यासही मात्र आधार नाही.

मराठी वर्गापुरता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न संख्यानामांचा आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात दशक आधी आणि एकक नंतर, म्हणजे ‘वीस एक’ अशा प्रकारे संख्या वाचण्याची पद्धत आली तेव्हा मोठे वादंग झाले. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्या बदलाची बाजू मांडली होती. वादात थट्टाच अधिक झाली. मुलांची अडचण मात्र खरी होती. मराठीत एकक आधी उच्चारला जातो आणि लिहिताना दशक आधी येतो. परंतु हीच रचना टप्प्याने मोजणीत उपयोगीही पडते. सातपासून दहाच्या टप्प्याने निघावे : सात, सतरा, सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट. प्रत्येक नावाच्या आरंभी ‘सात’ची खूण कानाला लागते आणि तक्त्यावर तोच ७ एकाच स्तंभात खाली उतरताना दिसतो. कान आणि डोळा यांचा असा मेळ क्वचितच बसतो. नऊपासून निघाल्यावर तो मोडतो. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येते आणि पडद्यावर २ दिसतो, म्हणून मूल ३९ लिहून मोकळे होते. ‘एकोण’ म्हणजे एक उणे, तिसाला एक कमी, हे तेथे थांबून, तीस काड्यांतून एक काढून दाखवावे लागते. आणि एकोणनव्वदनंतर दहाची उडी मारली की ‘एकोणशंभर’ न येता ‘नव्याण्णव’ येते, हेही सांगावे लागते. तयार ध्वनिफितीला थांबणे माहीत नसते. तिचा आवाज इंग्रजी असला, तर हा प्रश्न वर्गात उपस्थितच होत नाही.

असे असले तरी फलक निरुपयोगी ठरत नाही. भिंतीवरच्या छापील तक्त्याला जे कधीच जमणार नाही असे एक काम तो सहज करू शकतो, आणि नेमके तेच त्याच्याकडून क्वचित करून घेतले जाते : तक्त्याची रुंदी बदलणे. दहाऐवजी सात स्तंभ केले की दोनच्या टप्प्याचे उभे पट्टे नाहीसे होऊन बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी उमटते. सहा स्तंभ केले की तीनचा टप्पा सरळ उभा राहतो आणि पाचचा तिरका होतो. संख्या त्याच, टप्पा तोच, चित्र मात्र निराळे. पट्टा हा तक्त्याचा गुण आहे, संख्येचा नव्हे, ही गोष्ट सात वर्षांच्या मुलालाही अशा वेळी स्वतः शोधता येते. अट एवढीच की रंग उमटण्यापूर्वी पुढची संख्या सर्व मुलांनी आपापल्या पाटीवर लिहिलेली असावी आणि फलकाने तिची केवळ पडताळणी करावी. मुलांच्या हातात गणितमाळ असेल तर उड्याही मोजल्या जातात.

अध्यापक विद्यालयांतील सराव पाठांच्या निरीक्षणात ‘शैक्षणिक साधनांचा वापर’ या मुद्द्याला गुण असतात आणि फलक सुरू झाला की ते बहुधा मिळतात. फलक बंद केल्यावर मागच्या बाकावरील मुलाला नऊपासून दहाच्या टप्प्याने तोंडी मोजता येते का, हे पाहण्यास निरीक्षकाला दोन मिनिटे पुरतात. निरीक्षण-तक्त्यात त्यासाठी एक रकाना वाढविणे अध्यापकांच्या हाती आहे.