पडद्याच्या दोन्ही बाजू

कायद्याचे रसग्रहण म्हटले की लोक हसतात. कलम, उपकलम, परंतुक यांत कसला आलाय रस? तरीही 2012 चा पोक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांना संरक्षण देणारा कायदा, एखाद्या कथेसारखा सावकाश वाचून पाहावा. तो 14 नोव्हेंबरला, बालदिनाचा मुहूर्त साधून लागू झाला. मुहूर्त अगदी सरकारी थाटाचा, पण आतली काही कलमे वाचताना सरकार बोलते आहे यावर विश्वास बसत नाही.

कलम 24 घ्या. मुलाचा जबाब पोलिसांनी कुठे घ्यायचा? त्याच्या घरी, किंवा ते म्हणेल तिथे. कोणी घ्यायचा? शक्यतो महिला अधिकाऱ्याने, उपनिरीक्षकाच्या खालच्या दर्जाची नको. आणि मग एक छोटेसे उपकलम येते: जबाब घेताना अधिकारी गणवेशात नसावा. आमच्या इंदूरच्या बोलीत सांगायचे तर वर्दी उतरवून या. माणसांना ठाण्यावर बोलावण्याची सवय असलेल्या यंत्रणेला इथे स्वतः उठून, साध्या कपड्यांत, एका मुलाच्या उंबरठ्यावर जावे लागते. पुढचे एक उपकलम आणखी कडक आहे. मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचे नाही, कोणत्याही कारणासाठी नाही. महिला अधिकाऱ्याच्या बाबतीत ‘शक्यतो’ची सवलत देणारा मसुदाकार इथे एवढीशीही फट ठेवत नाही. कुठे सैल सोडायचे आणि कुठे नाही, हे त्याला नेमके ठाऊक होते.

भाषेबद्दलही त्याचा कान तयार आहे. मूल स्वतः तक्रार घेऊन आले तर ती त्याला कळेल अशा सोप्या भाषेत लिहा, असे कलम 19 सांगते. दंडाधिकाऱ्यांनी जबाब मूल बोलेल तसाच उतरवावा, हे कलम 25. इंदूरमध्ये ही अट वाटते तेवढी सोपी नाही. घरात आजीशी मराठी, गल्लीत माळवी, शाळेत हिंदी, असे बोलणारे मूल भेदरल्यावर कोणत्या भाषेत बोलेल? त्याचे तुटक बोलणे कागदावर येईपर्यंत ‘फरियादिया ने बताया कि’ अशा घडीव पोलिसी हिंदीत गेले, तर त्यात मूल उरतेच किती?

न्यायालयात पाऊल टाकल्यावर कायदा आणखी हळू चालू लागतो. कलम 33 नुसार वकिलाने मुलाला थेट प्रश्न विचारायचा नाही. तो न्यायाधीशांना सांगायचा आणि त्यांनी मुलाला विचारायचा. एवढ्या वळणात प्रश्नातली धार आपोआप बोथट होते. मध्येमध्ये विश्रांती द्यायची, पुन्हापुन्हा साक्षीला बोलवायचे नाही, विश्वासाचे माणूस जवळ बसू द्यायचे.

माझे सर्वांत आवडते कलम मात्र 36. साक्ष देताना आरोपी मुलाच्या नजरेस पडू नये, त्यासाठी पडदा लावा, एकाच बाजूने दिसणारी काच लावा किंवा व्हिडिओ वापरा. पण त्याच दमात कायदा म्हणतो की मुलाचे बोलणे आरोपीला ऐकू आले पाहिजे आणि त्याला आपल्या वकिलाशी बोलता आले पाहिजे. पडदा फक्त डोळ्यांपुरता. मुलाची बाजू घेताना पलीकडच्या माणसाचा बचावाचा हक्क विसरायचा नाही, हे भाषण न ठोकता एका तरतुदीत बसवले आहे. असे लिहायला मन शांत लागते.

एप्रिल 2018 मध्ये इंदूरमध्ये तशी शांतता कुणाकडेच नव्हती. राजवाड्याच्या परिसरातून अवघ्या काही महिन्यांच्या मुलीला उचलून नेऊन तिच्यावर अत्याचार आणि तिचा खून झाला. शहर हादरले. घटनेनंतर 23 दिवसांतच, 12 मे रोजी, सत्र न्यायालयाने आरोपीला फाशी सुनावली. तेव्हा या वेगाचे फार कौतुक झाले. त्या संतापाच्या दिवसांत ते समजण्यासारखे होते, मीही त्याला नावे ठेवणार नाही.

पण त्या खटल्यात जबाब देऊ शकेल असे मूल नव्हते. घरी जाऊन बोलणे, साधे कपडे, विश्रांती, पडदा, ही सगळी मवाळ कलमे तिथे निरुपयोगी होती. उरले होते कलम 35, घड्याळाचे. त्यातही खटला संपवायला शक्यतो एक वर्षाची मुदत आहे.

19 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. खटला घाईत उरकला, आरोपीला बचावाची पुरेशी संधी मिळाली नाही, असा निष्कर्ष काढला. निर्दोष मात्र सोडले नाही. खटला पहिल्यापासून नव्याने चालवायला सांगितला. म्हणजे ज्या वेगासाठी टाळ्या पडल्या होत्या, त्याची किंमत म्हणून त्या मुलीच्या घरच्यांना पाच वर्षांनंतर पुन्हा सुरुवात करावी लागली.