भिंतीकडे तोंड केलेली गोष्ट

कलाकृती कुठे बघितली जाते, यावर तिचा परिणाम किती अवलंबून असतो, हा आजचा विषय. उदाहरणासाठी फार लांब जायला नको. कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊया.

पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. रामायण-महाभारतातले प्रसंग सुट्या कागदांवर रंगवायचे. अशा कागदांचा गठ्ठा म्हणजे एक पोथी. कथेकरी फळीला टेकवून एकेक चित्र दाखवतो, वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीवर प्रसंग गातो, सांगतो. प्रसंग संपला की पुढचं चित्र. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाखाली ही कथा देवळात, रात्री, दिव्याच्या उजेडात रंगायची.

आता एक बारीक गोष्ट बघा. जुन्या पोथ्यांत दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कागद उलटला की पुढचा प्रसंग. असा कागद आपण काचेच्या फ्रेममध्ये घालून टांगतो, तेव्हा काय होतं? निम्मी गोष्ट भिंतीकडे तोंड करून उभी राहते.

मग फ्रेमसमोर आपण म्हणतो, ‘छान आहे, पण जरा सपाट वाटतं. चेहरे सगळे सारखेच.’ मीही हे म्हटलेलं आहे, आणि ती समीक्षा चुकीच्या जागी उभं राहून केलेली होती. ठळक बाह्यरेषा, मोठाले डोळे, बाजूने दिसणारे चेहरे, मागे बहुतेक कोरा कागद. का? मिणमिणत्या दिव्यात, पलीकडच्या खांबाला टेकून बसलेल्या माणसालाही राम कोण, रावण कोण हे ओळखता यायला हवं म्हणून. चेहऱ्यावरचा राग गाणाऱ्याच्या आवाजातून यायचा असतो. कोरी जागा त्याच्यासाठीच सोडलेली आहे. पांढऱ्या दिव्याखाली, शांत दालनात आपण त्या जागेला उणीव समजतो. युरोपातल्या चर्चमधल्या सोनेरी चित्रांचंही असंच. मेणबत्तीच्या ज्योतीबरोबर ते सोनं हलतं. संग्रहालयातल्या स्थिर उजेडात गप्प होतं.

मग काय, सगळं परत देवळात न्यायचं? तसं मी म्हणणार नाही. रात्रभर बसणारा श्रोता आता कमी, आणि फ्रेमसाठी विकलेल्या चित्रावर घर चालतं. त्या कलावंताला शुद्धतेचे धडे आपण देऊ नयेत. पण पिंगुळीतच एक उत्तर आहे. परशुराम गंगावणे, ज्यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, त्यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं. गोठाच तो, पण तिथे चित्र आणि ते गाऊन दाखवणारा माणूस एकाच आवारात भेटतात.

म्हणून शहरातल्या दालनांकडे माझं मागणं एवढंच आहे: चित्र कितवं ते लिहा, दोन्ही बाजू दिसतील असं उभं करा, शेजारी त्या प्रसंगाचं गाणं ऐकवा. फार खर्चाचं काम नाही. आणि आपण समीक्षकांनी ‘सपाट’ हा शब्द तोवर खिशात ठेवावा.

आमच्याकडची पोरं गोष्ट ऐकताना मध्येच विचारतात, ‘मगे?’ चित्रकथीचं प्रत्येक चित्र हा प्रश्न विचारायला लावतं. ज्या भिंतीवर तो प्रश्न सुचतच नाही, ती भिंत त्या चित्राची नव्हे.