‘स्मृतिचित्रे’तील सोवळे आणि कृपेचा सिद्धांत

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. वाङ्मयसमीक्षकांनी तिच्यातील विनोदाचा व घरगुती बोलीचा यथोचित गौरव केला आहे. आपल्या व्यासपीठांवरून मात्र परोपकाराचे दृष्टांत पुरविणारे पुस्तक म्हणूनच ती बहुधा उपयोगात येते. अनाथांना घरी आणणारे टिळक आणि कुरकुरत का होईना, त्यांना वाढणाऱ्या लक्ष्मीबाई, एवढे सांगून ‘तुम्हीही असेच करा’ असा उपदेशक समारोप करतो. या वाचनात ग्रंथाचा धर्मशास्त्रीय गाभाच निसटतो, असे आमचे मत आहे.

ग्रंथाचा आरंभ सोवळ्यापासून होतो. १८५७ च्या बंडात आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनात सोवळ्याने घर केले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याविना घरात घ्यावयाची नाही, अशा धाकात लेकीचे बालपण गेले. लक्ष्मीबाई हे हसत हसत सांगतात. पण धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. भयाने ग्रासलेले मन स्वतःच्या शुद्धीची तटबंदी स्वतःच उभारीत आहे. कर्माने तारण मिळवू पाहणाऱ्या मनुष्याचे याहून बोलके चित्र मराठीत आम्हांस ठाऊक नाही. त्या तटबंदीच्या आत सेवा संभवत नाही, कारण दुसरा माणूस हाच तेथे विटाळ ठरतो.

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या ताटातुटीची प्रकरणे वाचकांच्या स्मरणात असतातच. आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते बाप्तिस्म्यापूर्वीचे एक छोटे स्थळ. जाती देवाने केल्या नाहीत, त्या माणसाने केल्या, असे त्यांना उमगते आणि यापुढे कोणाच्याही हातचे खाण्यास भ्यावयाचे नाही, असा निश्चय त्या करतात.

‘ही तर समाजसुधारणा झाली, यात तारण कोठे आले?’ असा आक्षेप कोणी घेईल. त्याने गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढावा. मनुष्य विश्वासाने नीतिमान ठरतो, नियमशास्त्रातील कर्मांनी नव्हे, हा सिद्धांत संत पौल तेथे मांडतो तो अंत्युखियातील पंगतीच्या वादातून. पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवीत असे. याकोबाकडील माणसे आली तेव्हा तो भिऊन वेगळा राहू लागला. त्या वेगळ्या पानात पौलाला सुवार्तेचाच नकार दिसला, म्हणून त्याने पेत्राला सर्वांसमक्ष जाब विचारला. इफिसकरांस पत्राचेही तसेच आहे. त्याच्या दुसऱ्या अध्यायातील आठवे व नववे वचन आपल्या उपदेशांत वारंवार येते. दहाव्यातील सत्कृत्ये क्वचित येतात, आणि चौदाव्यातील पाडलेली भिंत तर जवळजवळ येतच नाही.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथॉलिक व लुथरन प्रतिनिधींनी नीतिमान ठरण्याच्या सिद्धांतावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या पुण्याईवाचून केवळ कृपेनेच देव आपला स्वीकार करतो आणि सत्कृत्यांस समर्थ करतो, हे दोन्ही पक्षांनी एकत्र कबूल केले. फार चांगले झाले. परंतु विवाह जुळविताना ख्रिस्ती घरांतूनही पूर्वीची जात अद्याप विचारली जाते, हे धर्मशिक्षकांना आम्ही सांगावयास नको. नाताळात ज्यांना धान्य वाटावयाचे त्यांच्याच घरी पाणी पिताना जीव कचरत असेल, तर ती सेवा सोवळ्यातलीच म्हटली पाहिजे.

ग्रंथाला मर्यादाही आहे. सिद्धांताची भाषा लक्ष्मीबाई जवळजवळ वापरीतच नाहीत. केवळ याच आधारावर कृपेचा पाठ रचणारा शिक्षक जात मोडली म्हणजे तारण झाले, असे समजून बसेल आणि क्रूस बाजूस राहील. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनीच नेटाने लिहिले. वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकविताना तेही हाताशी असावे.

शिवाय उतारे निवडताना त्यांचा वैताग गाळू नये. न विचारता पाहुणा आणणाऱ्या पतीवर त्या चिडतात, बोलतात, आणि चूल पेटवितात. मन पुरते प्रसन्न होईपर्यंत सेवा थांबवावी, असे त्यांना कोठेही वाटलेले दिसत नाही.