कपाटावरची चिठ्ठी

लोणी काळभोरमधल्या एका वाचनालयात मी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ शोधत होतो. कवितेच्या कपाटात नव्हता. ‘दलित’ अशी चिठ्ठी लावलेल्या कपाटात सापडला. शेजारी दया पवारांचं ‘बलुतं’ आणि त्याला टेकून बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा १९२३ सालचा ग्रंथ. एक कवितासंग्रह, एक आत्मकथन, एक अर्थशास्त्र. तिघांना एकत्र आणलं ते लेखकांच्या जातीनं.

ग्रंथपालाला हसू नका. आपली समीक्षाही हेच करते. ‘बलुतं’ला ‘दाहक’ म्हणते आणि थांबते. दगडू पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो, म्हणजे एकाच माणसाची दोन रूपं समोरासमोर बसतात, या रचनेबद्दल क्वचितच बोलते.

अमेरिकेत हा प्रश्न एका ग्रंथपाल बाईंनी सोडवला. वॉशिंग्टनचं हॉवर्ड विद्यापीठ १८६७चं, मुख्यतः कृष्णवर्णीयांसाठी उभं राहिलेलं. १९३०मध्ये डोरोथी पोर्टर तिथला संग्रह सांभाळू लागल्या. तेव्हा ड्युई वर्गीकरण वापरणारी ग्रंथालयं कृष्णवर्णीयांची पुस्तकं ३२५ किंवा ३२६ या क्रमांकांत टाकत. म्हणजे वसाहत नाहीतर गुलामगिरी. कविता असली तरी तिथेच. पोर्टरबाईंनी पुस्तकं विषय आणि लेखकानुसार लावली. संग्रह कृष्णवर्णीयांचाच राहिला, पण त्याच्या आत कवीला कवितेची जागा मिळाली.

आपल्याकडे असं काम सुरू करायचं, तर मिलिंद महाविद्यालयापासून करावं. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५०मध्ये ते औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) सुरू केलं. अमेरिकेत शिकून आलेल्या म. ना. वानखेडे यांनी तिथलं कृष्णवर्णीय साहित्य मराठी चर्चेत आणलं. याच वर्तुळातून ‘अस्मिता’ आणि मग ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक उभं राहिलं. गंगाधर पानतावणे यांनी ते २०१८मध्ये जाईपर्यंत, जवळपास अर्धशतक चालवलं.

दलित साहित्याचा इतिहास आपण गाजलेल्या पुस्तकांवरून सांगतो. पण वाद, परीक्षणं, नवख्यांच्या पहिल्या कविता असतात त्या अंकांमध्ये. पुस्तकाची नवी आवृत्ती निघते. अंक रद्दीत जातो. मग पुढचा अभ्यासक म्हणतो, यांच्याकडे अनुभव होता, विचार नव्हता.

‘दलित’ हा शब्द पुसा, असं मी म्हणत नाही. तो लेखकांनी स्वतः, ताठ मानेनं घेतलेला आहे. आक्षेप एवढाच, की तो शेवटचा शब्द ठरू नये. नोंद दुहेरी हवी : दलित साहित्य आणि कविता, दलित साहित्य आणि समीक्षा.

घरातल्या ट्रंकेत एखादा जुना अंक असेल, तर तो नीट ठेवा आणि मुखपृष्ठाचा, अनुक्रमणिकेचा फोटो काढा. कोणी, कशावर, कधी लिहिलं, याची सूची त्यातूनच तयार होईल.

मी ‘गोलपिठा’ वाचून परत केला. तो कवितेच्या कपाटात ठेवाल का, असं विचारलं. ग्रंथपाल म्हणाले, “मग त्या कपाटात काय ठेवू?” मी म्हटलं, तिथे एक कार्ड ठेवा. पुस्तक कुठे आहे ते त्यावर लिहा.